मानमोडी आणि फुफ्फुस

राजांच्या स्वाऱ्यांच्या तिथी इतिहासांत सांपडतात. तापाच्या स्वारीची तिथि क्वचितच कोणी लिहून ठेवतो. १९१८ सालची इन्फ्लुएंझाची साथ ही अशीच एक स्वारी होय. खेड्यापाड्यांतून तिला ‘मानमोडी’ म्हणत. नांव मानेवरून पडलें. घाला मात्र फुफ्फुसांवर होता.

जूनमध्यें ती मुंबईस प्रथम दिसली तेव्हां सौम्य होती. तीन-चार दिवस ताप, अंगदुखी, कीं माणूस पुन्हां कामावर! सप्टेंबरांत ती उलटली, ती वेगळेंच रूप घेऊन. ६ ऑक्टोबर रोजीं एकट्या मुंबईंत ७६८ मृत्यु नोंदले गेले. लोहमार्गांच्या अनुरोधानें ती देशभर पसरली. आणि मुंबई-नागपूर मार्ग तर भुसावळ, बडनेरा, पुलगांव, वर्धा असाच जातो. पुलगांवाहून आर्वीकडे निघालें कीं वाटेंत रोहणें लागतें. त्या वर्षीं पावसानें दगा दिलेला, धान्य महागलेलें, आणि कापूस वेंचणीचे दिवस तोंडावर आलेले. मध्यप्रांत-वऱ्हाडांत थोड्याच महिन्यांत दर हजारीं पन्नासांहून अधिक माणसें दगावलीं. त्यांत विशीपासून चाळिशीपर्यंतच्या कर्त्या माणसांचा भरणा मोठा होता.

मरणाची वर्दी देण्याचें काम गांवच्या कोतवालाकडे असे. त्या बिचाऱ्यास रोगाची पारख कोठून असणार? बहुतेक मृत्यु ‘ताप’ ह्या एकाच सदराखालीं पडले. वस्तुतः त्यांतील पुष्कळ जण ज्यानें मेले तो न्युमोनिया होता. विषाणु श्वासनलिकेच्या आंतील अस्तर सोलून टाकतो; मग एरवीं नाकाघशांत निरुपद्रवी राहणारे जंतु खालीं उतरतात व फुफ्फुसांतील वायुकोश पुवानें भरतात. फुफ्फुसास स्वतःस वेदना जवळजवळ नाहीं. दाह त्याच्या आवरणास पोंचला म्हणजे श्वासागणिक बरगडींत कळ उठते. इन्फ्लुएंझाचा विषाणु मनुष्यांत सांपडला १९३३ सालीं. आणि १९१८ च्या मृतांपैकीं बहुतेकांना जंतुजन्य न्युमोनियानें गांठलें होतें, हें त्या काळच्या जतन केलेल्या फुफ्फुसांच्या तपासणीवरून अमेरिकन संशोधकांनीं २००८ सालीं दाखविलें. म्हणजे कोतवालाची नोंद दुरुस्त व्हावयास नव्वद वर्षें लागलीं!

ह्या दिरंगाईबद्दल कोतवालास हंसण्याचा अधिकार आपणांस नाहीं. त्याच्या काळीं पेनिसिलिन नव्हतें. तें फ्लेमिंगला गवसलें १९२८ सालीं. आज वर्ध्याजवळच सेवाग्राम येथें १९६९ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे. क्ष-किरण आहेत, प्राणवायु आहे. तरीहि ताप उतरून दोन दिवस बरे गेल्यावर तो पुन्हां चढला, छातींत कळ आली, धाप लागली, तर ‘अशक्तपणा असेल’ म्हणून आपण घरींच बसतों. मान ताठ झाली म्हणजे संकट टळलें, ही समजूत १९१८ सालीं अज्ञानाची होती. आज ती केवळ आळसाची ठरेल.