कापडाचा ताप

दोन वर्षांपूर्वी बाबांच्या महाधमनीचा फुगलेला भाग काढून तिथे डेक्रॉनची, म्हणजे पॉलिएस्टरच्या कापडाची, नळी बसवली. तिसऱ्या आठवड्यात ताप चढला, श्वास घेताना छातीत दुखू लागलं. हृदयाभोवती पाणी, सीआरपी वाढलेला, पण पहिल्या ब्लड कल्चरमध्ये काहीच नाही. कापडाला जंतू लागले असतील तर छाती पुन्हा उघडावी लागण्याची शक्यता. शरीरच चिडलं असेल तर गोळ्यांवर भागणार. एरर एकच, बग दोन. पुढच्या कल्चरची वाट पाहत मी रात्री वाचत बसलो.

१९४७ मध्ये न्यू यॉर्कला आर्थर व्हूरीस या तरुण सर्जनला प्रयोगातल्या कुत्र्याच्या हृदयात राहिलेला रेशमी टाका दिसला. त्यावर चकचकीत पातळ थर चढला होता. कापडी धमनीची कल्पना त्यातून निघाली. पुढे ह्यूस्टनमध्ये मायकेल डिबेकी दुकानात नायलॉन आणायला गेले, ते संपलं होतं म्हणून डेक्रॉन घेतलं आणि शिलाई मशीनवर घरीच नळ्या शिवल्या. ही गोष्ट सगळेच सांगतात. मी अडकलो तो त्या थरापाशी. कापडाची वीण गळते. ती बुजते रक्ताच्या गुठळीने आणि मग दाहातून वाढणाऱ्या ऊतीने. म्हणून सर्जन नळी आधी रुग्णाच्याच रक्तात भिजवत. शरीराने कापडाला परकं मानणं हा बिघाड नव्हताच, नळी त्याच्याच जोरावर टिकत होती.

तापाची गोष्ट वेगळी. १९५३ च्या सुमारास मायट्रल झडप मोकळी केलेल्या रुग्णांना काही आठवड्यांनी असाच ताप येई. डॉक्टरांना वाटे, जुना ऱ्हुमॅटिक फीव्हर उलटला. १९५८ मध्ये न्यू यॉर्कच्या इटो, मेरी अ‍ॅलन एंगल आणि सहकाऱ्यांनी तो ऱ्हुमॅटिक आजार नसलेल्या रुग्णांतही दाखवला. सगळ्यांत समान गोष्ट एकच: हृदयाभोवतीचं आवरण उघडलं होतं. पुढे अशा रुग्णांच्या रक्तात हृदयाच्या स्नायूविरुद्धची प्रतिपिंडं सापडली. म्हणजे कापड नसतानाही येणारा ताप! मी आठवडाभर डेक्रॉनला उगाच शिव्या घालत होतो.

दुसरं, तिसरं कल्चरही स्वच्छ आलं. डॉक्टरांनी कोल्चिसिन सुरू केलं. गाउटवरचं जुनं औषध, आपल्या विषारी कळलावीतही असतं ते. चौथ्या दिवशी ताप उतरला.

२००६ मध्ये, वयाच्या ९७ व्या वर्षी, डिबेकींच्या स्वतःच्या महाधमनीत डेक्रॉनचीच नळी बसवावी लागली. बाबांना हे वाचून दाखवलं. ते म्हणाले, "मग, त्यांना ताप आला होता का?"