धूसर फोटोतला दगड

आज आम्ही तुम्हाला मंगळावर रुतून बसलेल्या एका गाडीची हकिकत सांगणार आहोत. ओल्या रानात रुतलेला ट्रॅक्टर आपण सगळ्यांनीच पाहिला आहे. चाक जितकं फिरवावं तितकं ते खोल जातं. पण तिथे निदान कुणी तरी वाकून खाली बघतं. मंगळावर वाकून बघायला कोण जाणार?

या गाडीचं नाव स्पिरिट, म्हणजे उमेद, जिद्द. अमेरिकेच्या नासा संस्थेने ती पाठवली आणि नाव सुचवलं नऊ वर्षांच्या एका मुलीने. या मुलीचा जन्म सायबेरियातला. तिथे ती अनाथाश्रमात होती, मग अमेरिकेतल्या एका कुटुंबाने तिला दत्तक घेतलं. जानेवारी २००४ मध्ये स्पिरिट मंगळावर गुसेव्ह नावाच्या विवरात उतरली. सहा चाकं, उन्हावर चालणाऱ्या सौर पट्ट्या. तीन महिने काम करावं एवढीच अपेक्षा होती, पण ती सहा वर्षांहून जास्त टिकली. २००६ मध्ये तिचं पुढचं उजवं चाक बंद पडलं. मग ती उलटी, ते चाक फरफटत चालू लागली. त्या फरफटीने माती उकरली गेली आणि २००७ मध्ये खालून पांढरट, सिलिकाने भरलेली माती निघाली. तिथे कधीकाळी गरम पाणी किंवा वाफ असणार, हे त्यावरून कळलं. मोडक्या चाकानेच तो शोध लावून दिला!

२००९ च्या एप्रिल-मे महिन्यात मात्र स्पिरिट भुसभुशीत मातीत रुतली. तिचं पोट खालच्या एखाद्या दगडावर टेकलं आहे का, हा मोठा प्रश्न होता. पोट दगडावर टेकलं तर गाडीचा भार चाकांवर पुरेसा येत नाही आणि चाकं नुसती फिरत राहतात. पोटाखाली बघायला कॅमेरा नव्हता. पुढच्या यांत्रिक हातावर एक छोटा कॅमेरा होता, पण तो दगड-माती अगदी जवळून, सुमारे सहा सेंटिमीटरवरून बघण्यासाठी बनवलेला. तज्ज्ञांनी तोच हात खाली वाकवून गाडीखाली वळवला. जून २००९ मध्ये फोटो आले. काळे-पांढरे आणि पार धूसर. तरी त्यात पोटाखाली एक टोकदार दगड असल्यासारखं दिसत होतं.

इथे हौशी लोक गोष्टीत येतात. या मोहिमेचे प्रमुख शास्त्रज्ञ स्टीव्ह स्क्वायर्स आणि त्यांच्या गटाने सुरुवातीपासून एक रीत पाळली होती. मंगळावरून फोटो आला की तो जसाच्या तसा इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुला करायचा. त्यामुळे देशोदेशीची साधी माणसं नोकरी-धंदा सांभाळून, घरच्या संगणकावर ते फोटो घेऊन बसत. वेगवेगळ्या रंगांच्या काचांमधून काढलेले फोटो एकावर एक बसवून रंग आणत, तुकडे जोडून मोठा देखावा तयार करत. ब्रिटनचा डग एलिसन हा त्यांच्यातलाच एक. पुढे तो नासाच्या प्रयोगशाळेतच कामाला लागला. स्पिरिटच्या पोटाखालचे धूसर फोटोही या मंडळींनी साफ करायला घेतले.

धूसर फोटो साफ होतो कसा? ओल्या कापडावर शाईचा थेंब पसरतो, तसा अशा फोटोत प्रकाशाचा प्रत्येक ठिपका पसरतो. तो किती पसरला याचा अंदाज आला, तर संगणकाकडून उलटा हिशोब करून घेता येतो आणि कडा थोड्या स्पष्ट होतात. पण फोटोत जे उतरलंच नाही, ते हिशोबाने परत येत नाही. फार ताणलं की कडांभोवती खोटी वलयं उमटतात, नसलेले आकार दिसू लागतात. १९७६ मध्ये व्हायकिंग यानाने टिपलेल्या मंगळावरच्या एका टेकडीत लोकांना माणसाचा चेहरा दिसला होता. पुढे स्पष्ट फोटो आले, तेव्हा ती नुसती टेकडी निघाली. म्हणून चांगला हौशी माणूस मूळ फोटो शेजारी ठेवतो आणि आपण काय केलं ते सांगतो. मग दुसरा कुणीही ताडून बघू शकतो.

इकडे कॅलिफोर्नियातल्या प्रयोगशाळेत तशीच भुसभुशीत माती तयार करून, जुळी गाडी तिच्यात रुतवून सुटकेच्या युक्त्या तपासल्या गेल्या. नोव्हेंबरमध्ये मंगळावर प्रयत्न सुरू झाले, पण आणखी एक चाक निकामी झालं. २६ जानेवारी २०१० रोजी नासाने सांगितलं, की स्पिरिट आता जागेवरूनच काम करेल. पुढे हिवाळा आला, ऊन कमी पडलं. २२ मार्च २०१० नंतर तिचा निरोप आला नाही. मे २०११ मध्ये हाका मारणं थांबवलं.

गाडी काही सुटली नाही. मग त्या हौशी लोकांची मेहनत वाया गेली का? आम्हाला तसं वाटत नाही. आपल्या गटाची वही दर बैठकीत सगळ्यांसमोर उघडी असते. ती फक्त अध्यक्ष-सचिवांपुरती राहिली, तर बाकीच्या बायका हिशोब बघायला शिकणारच नाहीत. नासाने आपले फोटो, अगदी बिघडलेलेसुद्धा, असेच उघडे ठेवले. म्हणून दूरच्या घरात बसलेली माणसं बघायला शिकली, आणि जेवढं दिसतं तेवढंच सांगायलाही शिकली. मैत्रिणींनो, कुणी आपल्यासमोर धूसर चित्र आणि ठाम गोष्ट ठेवली, तर आधी मूळ चित्र मागून घ्या. तो आपला हक्क आहे.