कोतवाल बुकातली तारीख आणि त्या सालचा पाऊस
अमरावती-अकोल्याकडे पणजोबांच्या मृत्यूची तारीख अनेकदा जुन्या कोतवाल बुकात सापडते. ती त्या काळाशी जोडून पाहा. साल शकाचं असेल तर ७८ मिळवा; जानेवारी ते पाडव्याआधीची तारीख असेल तर ७९.

मृत्यू १९०० चा असेल, तर १८९९ मध्ये पाऊस हुकला होता आणि वऱ्हाडात मोठा दुष्काळ होता. संवत १९५६ म्हणून तो ‘छप्पनचा दुष्काळ’. १९१८ च्या दिवाळीच्या आसपासचा असेल, तर त्या वर्षीही पाऊस कमी होता आणि इन्फ्लुएंझाची साथ होती. जुनी माणसं तिला ‘मानमोडी’ म्हणत.

मात्र साल जुळलं म्हणजे कारण सापडलं असं नाही. नोंदीत कारण लिहिलेलं असेल, तर आधी तेच धरा. नसेल, तर त्याच महिन्यातल्या गावच्या बाकीच्या नोंदी वाचा.