ब्रेक माझा लागला, पडले मागचे काका

आजच्या भागाचं हे लिखित रूप. बोलताना जसं आलं तसंच ठेवलंय, फक्त अडखळणं तेवढं काढलंय.

विषय आहे रेसच्या गाड्यांचे ब्रेक. पण सुरुवात करतो आपल्याच हायवेवरून, भंडारा ते साकोली, लाखनीच्या पुढे. संध्याकाळची वेळ, गुरं घरी परतत होती. मी माझ्या 200 सीसी बाइकवर. तिला नुकतेच महागाचे पॅड टाकलेले, स्टीलच्या जाळीचा ब्रेक पाइप बसवलेला, टायर नवीन. अचानक एक गाय रस्त्यावर आली. मी ब्रेक दाबला आणि गाडी सरळ रेषेत, जागच्या जागी थांबली. मनात म्हटलं, पैसे वसूल!

आणि मागून धाडकन आवाज.

मागे एक काका होते. जुनी बाइक, दोन्ही चाकांना ड्रम ब्रेक, कॅरिअरला तांदळाचं पोतं. त्यांची गाडी माझ्या मागच्या चाकावर आदळली, ते पडले, मनगटाचं हाड मोडलं. मी आधी त्यांच्यावरच ओरडलो, "काका, समोर पाहत नाही का?" ते रस्त्यावर बसल्या बसल्या म्हणाले, "बाबू, तुई गाडी थांबली जागच्या जागी. माई कशी थांबन?"

हे वाक्य डोक्यातून जाईना. मग मी वाचायला बसलो, की हे "जागच्या जागी थांबणं" आलं कुठून? आणि वाचता वाचता अशा जागी पोचलो, जिथे हीच गोष्ट फार मोठ्या प्रमाणात घडली होती.

आधी थोडं मागे जाऊ. 1902 मध्ये फ्रान्समध्ये लुई रेनोने ड्रम ब्रेक आणला आणि त्याच वर्षी इंग्लंडमध्ये फ्रेडरिक लँचेस्टरने डिस्क ब्रेकचं पेटंट घेतलं. म्हणजे दोघं एकाच वयाचे! पण पुढची पन्नास वर्षं राज्य केलं ड्रमने. कारण तो बंद डब्यात असतो, धूळ-चिखल आत जात नाही, आणि त्या काळच्या वेगाला तो पुरायचा.

आता एक साधी गोष्ट समजून घ्या. ब्रेक गाडीचा वेग "खात" नाही, तो वेगाची उष्णता करतो. वेग दुप्पट झाला की उष्णता चौपट. 50 च्या वेगाने थांबताना जेवढी उष्णता तयार होते, तिच्या चौपट 100 ला. ड्रममध्ये ही उष्णता डब्यात कोंडते. ड्रम तापून फुगतो, आतल्या शूपासून लांब जातो, शूची पकडही कमी होते. तुम्ही पेडल दाबता आणि गाडी मात्र चालतच राहते. डिस्क उघड्या हवेत फिरते, लवकर थंड होते. आणि ती तापून फुगली तरी पॅडच्याच दिशेने फुगते.

याची परीक्षा झाली फ्रान्समधल्या ल मान्सच्या 24 तासांच्या रेसमध्ये. तिथे तेव्हा जवळपास 6 किलोमीटरचा सरळ रस्ता होता आणि त्याच्या शेवटी एकदम वळण. दर फेरीला तिथे ब्रेक लालबुंद. डनलॉप कंपनी विमानांसाठी डिस्क ब्रेक बनवत होती. जॅग्वारने तिच्यासोबत ते रेसच्या गाडीत आणले. 1953 मध्ये टोनी रोल्ट आणि डंकन हॅमिल्टन यांनी डिस्कवाल्या सी-टाइपमधून ल मान्स जिंकली. 24 तासांचा सरासरी वेग ताशी 170 किलोमीटर. बाकीचे वळणाआधी ब्रेक मारायचे, जॅग्वार मात्र त्याहून पुढे जाऊन मारायची.

आणि मग आला 11 जून 1955 चा दिवस. ल मान्सच. माइक हॉथॉर्न डिस्क ब्रेकवाल्या जॅग्वारमध्ये. त्याला पिटमध्ये जायचं होतं, म्हणून त्याने उजवीकडे घेऊन ब्रेक लावला. मागच्या लान्स मॅक्लिनने टक्कर टाळायला आपली ऑस्टिन-हीली डावीकडे घेतली. त्याच्या मागून ताशी 240 च्या आसपास वेगाने पिएर लव्हेगची मर्सिडीज येत होती. या मर्सिडीजला होते ड्रम ब्रेक. ते कमी पडतात म्हणून ड्रायव्हरच्या पाठीमागे हवा अडवायला उभं राहणारं एक मोठं झाकणही दिलं होतं. पण तिथे वेळच उरला नाही. मर्सिडीज हीलीवर चढून उडाली आणि तिचे तुकडे प्रेक्षकांत घुसले. लव्हेगसकट 80 हून जास्त माणसं गेली.

चौकशीत कुणा एका ड्रायव्हरला दोषी धरलं नाही. पिटसमोरचा अरुंद रस्ता हे मोठं कारण होतं. मर्सिडीजने त्या वर्षअखेर रेसिंग सोडलं. डिस्कमुळे अपघात झाला असं मी म्हणत नाहीये, हीलीलाही डिस्कच होत्या. पण मला त्यात आमचा हायवे दिसला. एकाच रस्त्यावर वेगवेगळ्या वेगाच्या, वेगवेगळं थांबणाऱ्या गाड्या, आणि मागच्याला मिळालेला क्षणभराचा वेळ.

पुढे डिस्क सगळीकडे पसरली. 1955 मध्येच सित्रोएन डीएस या घरगुती गाडीला पुढे डिस्क आल्या. आपल्याकडे मात्र अँबेसिडर आणि पद्मिनी वर्षानुवर्षं ड्रमवरच धावल्या. मग रेसची गोष्ट महाराष्ट्रात आली ती चाकणमार्गे. इटलीत बर्गामोजवळ 1961 मध्ये सुरू झालेली ब्रेम्बो कंपनी 1975 पासून फेरारीच्या फॉर्म्युला वन गाड्यांना ब्रेक देऊ लागली. तिचाच पुण्याजवळ कारखाना आहे. छोट्या बाइकसाठी ती बायब्रे नावाने ब्रेक बनवते. 2012 मध्ये चाकणला बनलेली केटीएम 200 ड्यूक हेच ब्रेक घेऊन आली आणि रेसचं नाव कॉलेजच्या पार्किंगमध्ये पोचलं. 2019 च्या एप्रिलपासून 125 सीसीच्या वरच्या नव्या बाइकला एबीएस सक्तीचं झालं.

आता अपग्रेडचं. मला मेसेज येतात, "दादा, मोठी डिस्क टाकू का?" ऐका. मोठी डिस्क, मोठा कॅलिपर यांचं खरं काम जास्त उष्णता पेलणं आहे, म्हणजे पुन्हा पुन्हा जोरात ब्रेक मारायचा असेल तेव्हा. 2001 च्या पोर्शे 911 जीटी2 ला सिरॅमिक डिस्क दिल्या त्या यासाठीच. पण एकदाच थांबायचं असेल तर शेवटचा शब्द टायरचा. तुमचा आत्ताचा ब्रेक एबीएस चालू करण्याइतका जोर देत असेल, तर मोठ्या कॅलिपरने त्या एका थांबण्यात अंतर कमी होणार नाही.

म्हणून क्रम असा: आधी टायर, मग चांगले पॅड, मग ब्रेक ऑइल. हे ऑइल हवेतलं पाणी ओढतं. डॉट 4 ऑइल नवं असताना किमान 230 अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी शिरल्यावर ती हद्द 155 पर्यंत खाली येऊ शकते. उकळलं की वाफ होते, लिव्हर मऊ पडतो. दोन वर्षांत एकदा बदला.

आणि यादीतली शेवटची गोष्ट कुठल्याच दुकानात मिळत नाही: मागचा माणूस. 80 च्या वेगाने गाडी सेकंदाला 22 मीटर जाते. आपल्या रस्त्यावर एबीएसवाली बाइक, काकांची ड्रमवाली, धानाचा ट्रॅक्टर, सगळे एकामागे एक. तुमचा ब्रेक जितका चांगला, तितकं मागच्याकडे अंतर कमी. आरशात बघा. थांबायचं दिसलं की लिव्हर आधी हलका दाबा, लाल दिवा लागू द्या. पुढच्यापासून तीन सेकंद मागे राहा, म्हणजे तुम्हालाच एकदम थांबावं लागणार नाही.

काकांचं प्लॅस्टर निघाल्यावर मी त्यांची गाडी मिस्त्रीकडे नेली. दोन्ही चाकांचे शू बदलले, केबल नवी टाकली. सगळं मिळून माझ्या त्या एका ब्रेक पाइपपेक्षा कमी पैशांत झालं.

आज तुमच्या घरात जी जुनी गाडी आहे ना, बाबांची, काकांची, तिचा ब्रेक एकदा स्वतः दाबून बघा. भेटू पुढच्या भागात.