मृतांशी बोलणं आणि मृतांसाठी मागणं

कुरआनात सूरह बकरामध्ये तालूत राजाची हकीकत येते. त्याच्या फौजेतल्या हजरत दाऊद (अ.) यांनी जालूतला ठार केलं, इथवर ती आपल्याला माहीत असते. बायबलमध्ये हाच राजा शौल या नावाने भेटतो आणि त्याची गोष्ट बरीच पुढे जाते. तिच्या शेवटी एका रात्री जे घडलं, त्यावर ख्रिस्ती विद्वानांनी शतकानुशतकं वाद घातला आहे.

मृतांशी बोलून देतो असं सांगणाऱ्या लोकांना शौलाने स्वतःच राज्यातून हाकललं होतं. तौरातचा तसा हुकूमच होता. बायबलच्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या १८ व्या अध्यायात तो आजही वाचता येतो. पुढे पलिष्ट्यांची फौज चालून आली आणि शौल हादरला. त्याने देवाला विचारलं, पण स्वप्नातून उत्तर आलं नाही आणि संदेष्ट्यांकडूनही आलं नाही. ज्यांचा सल्ला तो घेत असे ते शमुवेल वारले होते. तेव्हा वेष बदलून तो रात्री एन-दोर गावातल्या एका बाईकडे गेला आणि शमुवेलांना वर बोलाव म्हणाला. शमुवेल आले आणि त्यांनी सांगितलं की उद्या तू आणि तुझी मुलं माझ्याजवळ असाल. लढाई झाली, आणि गिलबोवाच्या डोंगरावर शौल व त्याचे तीन मुलगे मेले.

प्रश्न असा, की आलं होतं कोण? तिसऱ्या शतकातल्या ओरिजेन या पंडिताचं मत होतं की खरोखर शमुवेलच आले. अंताकियाचे बिशप युस्टाथियस यांना हे अजिबात मान्य नव्हतं. एखाद्या बाईच्या मंत्राने देवाचा नबी उठून येईल कसा? तो सैतानाचा बनाव होता, असं त्यांनी चौथ्या शतकात लिहिलं. ख्रिस्ती विचारात पुढे बहुतेक काळ हेच दोन पक्ष राहिले. मात्र आत्म्यांना विचारायला जाऊ नये, याबाबत दोन्ही पक्षांचं एकमत होतं. आलेला शमुवेल असो की सैतान, शौलाने केलं ते पापच.

मला या वादात सर्वांत जवळचा वाटतो तो संत ऑगस्टीन. उत्तर आफ्रिकेतला हा बिशप. इ.स. ४२१ च्या सुमारास त्याने मृतांच्या दफनाविषयी आणि त्यांच्या काळजीविषयी एक छोटं पुस्तक लिहिलं. त्यात तो आपल्या आईचं, मोनिकाचं उदाहरण देतो. मुलामागे समुद्र ओलांडून इटलीपर्यंत आलेली ही आई. मृतांना आमच्याकडे येता येत असतं, तर माझी आई एकही रात्र चुकवती ना, असं तो म्हणतो. तिचा इंतकाल होऊन तेव्हा तीसहून जास्त वर्षं झाली होती. पण ऑगस्टीन एवढ्यावर थांबत नाही. मृत आपल्याकडे येत नसले तरी आपण त्यांच्यासाठी काही करू शकतो, असं तो सांगतो: चर्चमधली उपासना, प्रार्थना आणि दानधर्म. एक दार बंद करताना त्याने दुसरं उघडं ठेवलं.

सोळाव्या शतकात प्रॉटेस्टंट सुधारकांनी हे दुसरं दारही लावून घेतलं. त्यांचा राग निराधार नव्हता. मृतांच्या सुटकेच्या नावाखाली चर्चने पैशाचा बाजार मांडला होता. पण बाजार मोडताना प्रार्थनाही गेली. इंग्लंडमध्ये १५५२ च्या प्रार्थना-पुस्तकात दफनविधीतून मृतासाठी मागणं काढून टाकण्यात आलं. माणूस गेला, त्याचा निवाडा देवाकडे. मागे राहिलेल्यांनी सबुरी ठेवावी, बस्स.

याची खरी किंमत पहिल्या महायुद्धात कळली. ब्रिटनचे सात लाखांहून अधिक सैनिक मेले. मृतदेह मायदेशी आणायचे नाहीत, असं सरकारी धोरण होतं. बेल्जियममधल्या ईप्र गावच्या मेनिन गेटवर, ज्यांची कबर कधी सापडलीच नाही अशा चौपन्न हजारांहून अधिक जणांची नावं कोरलेली आहेत. त्यांत हिंदुस्थानी सैनिकही आहेत. ना जनाजा, ना कबर, आणि ना रोज करायची एखादी प्रार्थना. अशा घरांतून आई-बाप मग माध्यमांच्या बैठकांना जाऊ लागले.

या बैठका नव्या नव्हत्या. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या हाइड्सव्हिल गावी १८४८ मध्ये फॉक्स बहिणींनी ठकठक आवाजांतून आत्मे उत्तरं देतात असा दावा केला आणि तिथून ही लाट पसरली. त्यांतल्या मार्गारेटने १८८८ मध्ये भर सभेत कबूल केलं की तो आवाज पायाच्या बोटांचा होता. पुढच्या वर्षी तिने कबुली मागे घेतली, पण लोकांना कबुलीशी देणंघेणंच उरलं नव्हतं. मराठी घरांत प्लँचेट हा शब्द पोचला तो याच लाटेबरोबर.

सर ऑलिव्हर लॉज हे बिनतारी संदेशावर काम केलेले नामांकित भौतिकशास्त्रज्ञ, बर्मिंगहॅम विद्यापीठाचे प्रमुख, आणि स्वतःला ख्रिस्ती मानणारे गृहस्थ. त्यांचा मुलगा रेमंड सप्टेंबर १९१५ मध्ये ईप्रजवळ मारला गेला. माध्यमांमार्फत मुलाशी झालेलं ‘बोलणं’ त्यांनी १९१६ मध्ये पुस्तकरूपाने छापलं. परलोकात सिगार आणि व्हिस्कीही मिळते, असा त्यात उल्लेख होता आणि त्याची खूप टिंगल झाली. पुस्तकाच्या आवृत्त्या मात्र निघत राहिल्या. विकत घेणाऱ्यांच्या घरात टिंगल करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

चर्चने काय केलं? रोमने २४ एप्रिल १९१७ रोजी साफ मनाई केली. माध्यम असो वा नसो, बैठक कितीही सोज्वळ दिसो, नुसतं बघायला म्हणूनही कॅथलिकाने जायचं नाही. पण त्याच्या दोन वर्षं आधी पोप बेनेडिक्ट पंधरावे यांनी आणखी एक निर्णय घेतला होता. सर्व मृतांच्या स्मरणाच्या दिवशी, २ नोव्हेंबरला, प्रत्येक धर्मगुरूला एकाऐवजी तीन मिस्सा करण्याची मुभा त्यांनी दिली. युद्धात मेलेले इतके होते की एक पुरेना.

अँग्लिकन चर्चची अडचण वेगळी होती. मनाई करायची, पण बदल्यात द्यायचं काय? १९१७ मध्ये त्यांच्या अधिकृत सार्वजनिक प्रार्थनांत मृतांसाठी मागणं आलं आणि जुन्या वळणाच्या मंडळींनी त्याला हरकत घेतली. १९२० मध्ये लॅम्बेथला जगभरचे अँग्लिकन बिशप जमले. आत्म्यांच्या या पंथात माणूस आपली बुद्धी आणि इच्छा अज्ञात शक्तींच्या हाती सोपवतो, असा गंभीर इशारा त्यांनी दिला. त्याचबरोबर त्यांनी असंही म्हटलं की चिरंतन जीवनाविषयी आणि गेलेल्यांशी असलेल्या नात्याविषयी चर्चने अधिक शिकवायला हवं. त्या ठरावात मला एक मूक कबुली दिसते: लोक तिकडे गेले, कारण इकडे आपण गप्प होतो. पुढे आर्चबिशप लँग यांनी या विषयावर समिती नेमली. तिच्या बहुसंख्य सदस्यांनी १९३९ मध्ये बरंच सहानुभूतीचं मत दिलं. चर्चने तो अहवाल तेव्हा छापलाच नाही. तो पुढे फुटून बाहेर आला.

प्रार्थनेचं दार उघडं असलं की कुणी माध्यमाकडे जातच नाही, असा सोपा निष्कर्ष मी काढणार नाही. अॅलन कार्देकचं आत्म्यांविषयीचं पुस्तक १८५७ मध्ये निघालं ते कॅथलिक फ्रान्समध्येच, आणि कॅथलिकबहुल ब्राझीलमध्ये त्याचे अनुयायी आजही मोठ्या संख्येने आहेत. १८६१ मध्ये बार्सिलोनात बिशपच्या हुकमाने अशी तीनशे पुस्तकं जाळली गेली. तरी पंथ संपला नाही.

हा सगळा इतिहास ख्रिस्त्यांचा असला तरी आपल्या ओळखीचा आहे. मेलेली माणसं बरजखमध्ये आहेत, त्यांच्याकडून कौल घ्यायचा नाही, हे आपण लहानपणापासून ऐकतो. तरीही मय्यत झालेल्या घरात महिन्याभरात कुणीतरी एखाद्या आमिलचा पत्ता आणून देतोच. इसाल-ए-सवाबच्या पद्धतींवरून आपल्यात मतभेद आहेत. मात्र मृतासाठी मगफिरतची दुआ करण्याबाबत नाहीत. जनाजाची नमाज म्हणजे तर गेलेल्यासाठी सर्वांनी मिळून केलेली दुआच.

म्हणून तालूतच्या त्या शेवटच्या रात्रीतली एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. उत्तर ऐकून राजा जमिनीवर कोसळला. दिवसभर त्याच्या पोटात काही नव्हतं. तेव्हा त्याच बाईने घरचं पोसलेलं वासरू कापलं, रोट्या भाजल्या आणि आग्रह करून त्याला जेवू घातलं. बायबलने तिचा धंदा माफ केलेला नाही, पण तिची ही माणुसकी लिहून ठेवली आहे. दुःखी माणूस अशा दारात जातो, कारण तिथे कुणीतरी त्याला बसवून घेतं, गेलेल्याचं नाव घेतं. ‘हे हराम आहे’ एवढं सांगून निघून येणाऱ्याचं म्हणणं बरोबर असेल. पण त्या घरात थोडा वेळ बसून, मय्यतचं नाव घेऊन सोबत दुआ मागणाऱ्याचं काम अधिक मोठं आहे.