नेवाशाचा पूर्वपक्ष

मराठीतले शास्त्रीय, विद्यापीठीय लेखन १८५७ नंतरचे, इंग्रजी प्रबंधांच्या वळणावर घडलेले, असे आपण सहज धरून चालतो. परिभाषेपुरते ते बरेचसे खरेही आहे. पण संशोधनपर लेखनाचा कणा परिभाषेत नसतो. आधीच्या अभ्यासकांचे ऋण मान्य करणे, विरुद्ध मत नीट मांडून मग ते खोडणे, आणि ग्रंथ कोणी, कुठे, केव्हा केला याची नोंद ठेवणे, या शिस्तीवर ते उभे असते. ही शिस्त एका मोठ्या मराठी ग्रंथात सबंध उतरलेली दिसते ती आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, प्रवरेकाठच्या नेवाशात. शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, तिथे ज्ञानेश्वरी सांगितली गेली.

गीतेच्या ७०० श्लोकांवर सुमारे नऊ हजार ओव्या हा नुसता भक्तीचा पसारा नव्हे. पहिल्याच अध्यायातले गणेशवंदन पाहा: सहा दर्शने हे त्याचे हात, तर्क हा परशू, वेदान्त हा मोदक, आणि मोडका दात म्हणजे वार्तिककारांनी खंडित केलेले बौद्धमत. मंगलाचरणाच्या मिषाने ही पूर्वाभ्यासाची यादीच झाली. अठराव्या अध्यायात आपण व्यासांचा माग काढत आणि भाष्यकारांना वाट विचारत आलो, असे ज्ञानदेव सांगतात. समारोपात गोदावरीचा दक्षिण तीर, महालयेचे क्षेत्र, यादव राजा रामचंद्र आणि आदिनाथांपासून निवृत्तिनाथांपर्यंतची गुरुपरंपरा येते, तर लेखनिक म्हणून सच्चिदानंदबाबांचे नाव. शकाची ओवी मागाहून जोडली गेली असावी, असे काही अभ्यासक मानतात. तसे असले तरी ग्रंथाला काळाची नोंद हवी, हे कोणाला तरी वाटलेच.

सर्वांत ठोस पुरावा तेराव्या अध्यायात आहे. गीतेने ज्ञानाच्या लक्षणांत ‘अहिंसा’ हा एक शब्द टाकला. ज्ञानदेव त्याची व्याख्या करण्याआधी मीमांसकांकडे वळतात. पाऊस पडावा म्हणून यज्ञात पशू मारायचे, ही कसली अहिंसा? मग आयुर्वेदाची पाळी: एक जीव वाचवायला दुसरे जीव खुडायचे, मुळे उपटायची, साली सोलायच्या. राहती घरे मोडून देऊळ बांधावे तसा हा प्रकार, असा त्यांचा टोला आहे. हे विषयांतर कशाला, याचे उत्तरही तेच देतात: स्वमताचा निर्धार करायचा तर समोर आलेल्या इतर मतांचा परामर्श घ्यावा लागतो, आणि निरूपणाची रीतच तशी आहे. लेखक इथे आपली पद्धत स्वतः उघड सांगतो आहे.

यावर पहिला आक्षेप असा की हे काव्य आहे, आणि दृष्टान्तांच्या गर्दीत शास्त्र कसले? न्यायशास्त्राच्या सोळा पदार्थांत दृष्टान्त आहे आणि पंचावयवी अनुमानात उदाहरण हा स्वतंत्र अवयव आहे. तेव्हा दृष्टान्त आला म्हणून युक्तिवाद ढिला पडत नाही. एकाने भागेल तिथे ज्ञानदेव चार देतात, हे मात्र कबूल करायला हवे. आजच्या परीक्षकाने तिथे तांबडी शाई वापरली असती. दुसरा आक्षेप अग्रक्रमाचा. परंपरेने ‘विवेकसिंधु’ आधीचा, आणि ‘लीळाचरित्र’ही साधारण १२७८ चे. पण पहिला वेदान्ताचे स्वतंत्र विवेचन करतो, दुसरे चरित्र आहे. मूळ ग्रंथाच्या श्लोकामागून श्लोकावर टीका करण्याचे बंधन दोघांवरही नाही.

तिसरा आक्षेप अधिक जड आहे: ही रीत पुढे टिकली कुठे? शास्त्रार्थ बहुतांशी संस्कृतातच होत राहिला, हे खरेच. तरी धागा अगदी तुटला नाही. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथांनी पाठभेदांनी बिघडलेली ज्ञानेश्वरी शुद्ध केली आणि पुढे कोणी तिच्यात आपली ओवी घालू नये, असे बजावले. संहितेची अशी काळजी हे पाठचिकित्सेचेच काम. १९०९ मध्ये राजवाड्यांनी आपल्याला मिळालेली पोथी एकनाथपूर्व असल्याचा दावा करून छापली, आणि त्याच वर्षी तिच्या भाषेचे व्याकरणही प्रसिद्ध केले. मराठीत काटेकोर वाद घालता येत नाही असे म्हणणाऱ्याने निदान तेराव्या अध्यायातला अहिंसेचा भाग आधी वाचावा.