राहणार कुठं, जेवणार काय?

बारावीचा निकाल लागला की गटाच्या बैठकीत एक विषय हमखास निघतो. मुलगी हुशार आहे, पुढं शिकायचं म्हणते, पण कॉलेज लांब. मग कोणीतरी विचारतं, “राहणार कुठं? जेवणार काय?” यावर शिकलेली माणसं हसतात. म्हणतात, बायकांना शिक्षणापेक्षा भाकरीची काळजी! मला मात्र हा प्रश्न हसण्यासारखा वाटत नाही. का ते सांगते.

आनंदीबाई जोशी हे नाव तुम्ही ऐकलेलं आहे. डॉक्टरकीची पदवी घेतलेली आपली पहिली मराठी बाई. जन्म 1865 चा, माहेर कल्याणचं. नवव्या वर्षी लग्न, चौदाव्या वर्षी बाळ झालं आणि ते दहा दिवसांत गेलं. बाईचं दुखणं बाईलाच सांगता यावं म्हणून डॉक्टर व्हायचं तिनं ठरवलं. एप्रिल 1883 मध्ये कोलकात्याहून ती बोटीत बसली, वय अवघं अठरा. नवरा गोपाळराव टपाल खात्यात नोकरीला. तो इकडेच राहिला.

अमेरिकेत तिची एकच ओळख होती, कार्पेंटरबाईंची. दोघींनी एकमेकींना पाहिलेलं नव्हतं, तीन वर्षं नुसती पत्रं चालली होती. या बाईंना ती मावशी म्हणायची. जूनमध्ये उतरली ती थेट मावशीच्या घरी, आणि तिथले पहिले चार महिने बरे गेले. घरात माणसं होती, लेकरं होती, विचारपूस होती.

पुढे ऑक्टोबरात फिलाडेल्फिया शहरात बायकांच्या मेडिकल कॉलेजात शिक्षण सुरू झालं. तिथं ती खोली घेऊन राहू लागली. त्या मुलखात हिवाळ्यात बर्फ पडतो, त्यामुळे खोली ऊबदार ठेवण्यासाठी भिंतीत शेगडी असते. हिच्या खोलीतली शेगडी धड नव्हती. पेटवली की सगळा धूर खोलीत, न पेटवावी तर हाडं गोठतात. चुलीपुढं जन्म काढलेल्या बाईला धूर म्हणजे काय ते सांगायला नको. पण आपण डोळे चोळत दारात तरी येतो. तिथं दार उघडलं की बर्फ!

मांसाहार करायचा नाही हा तिचा नेम होता. मग त्या गावात तिच्या ताटात येणार काय? अंगावर लुगडंच. नऊवारीत पोटऱ्या उघड्या पडून गारठायच्या म्हणून ती गुजराती पद्धतीनं साडी नेसू लागली, तर त्यावरूनही नवऱ्याची टोचणारी पत्रं. दोन वर्षांत तब्येत ढासळली. अभ्यासात मात्र ती कुठं अडली नाही. इंग्रजी परकी, विषय अवघड, तरी 11 मार्च 1886 ला तिनं पदवी घेतलीच. प्रबंधाचा विषय होता आपल्याकडची बाळंतपणं.

त्याच वर्षी ती परत आली. कोल्हापूरच्या दवाखान्यात बायकांचा विभाग तिची वाट पाहत होता, पण ती तिथं पोचलीच नाही. 26 फेब्रुवारी 1887 ला पुण्यात क्षयानं गेली. बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती. क्षय थंडीनं किंवा धुरानं होत नाही, जंतूंनी होतो, हे खरं. पण अर्धपोटी, खंगलेल्या अंगात तो किती लवकर घर करतो हे आशाताई तुम्हाला सांगतीलच.

तिच्या पदवीदानाला पंडिता रमाबाई समोर हजर होत्या. फिलाडेल्फियातच त्यांनी पुस्तक लिहिलं, तिकडच्या लोकांसमोर भाषणं केली, पैसा उभा केला. मायदेशी येऊन त्यांनी मुंबईत शारदासदन उघडलं. तारीख 11 मार्च 1889, आनंदीबाईंच्या पदवीला बरोबर तीन वर्षं झालेली. ही नुसती शाळा नव्हती. मुलींनी, विधवांनी राहायचं, जेवायचं आणि शिकायचं ठिकाण होतं. आपापले आचार पाळायची मुभाही होती, म्हणजे जेवणापायी कोणी उपाशी राहू नये. रमाबाईंचं थोरपण मला यात जास्त दिसतं. त्यांच्या भाषणांची आठवण लोक काढतात, स्वयंपाकघराची काढत नाहीत.

शारदासदनात शिकायला आलेली पहिली विधवा म्हणजे कोकणातली गोदूबाई. पुढे 1893 मध्ये धोंडो केशव कर्व्यांनी तिच्याशी लग्न केलं, आणि ती बाया कर्वे झाली. कर्व्यांनी 1896 ला पुण्यात विधवांसाठी आश्रम काढला. 1900 मध्ये तो गावाबाहेर हिंगण्याच्या माळावर गेला. तिथं एक झोपडी बांधली, त्यात मुली राहिल्या, शिकल्या. बायकांचं विद्यापीठ कर्व्यांनी सुरू केलं ते 1916 साली. म्हणजे राहायची झोपडी आधी, आणि विद्यापीठ त्यानंतर सोळा वर्षांनी.